प्रतिसादांची पेटी भाड्याने घेऊ नका

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. शनिवारची अख्खी दुपार ज्या कामात गेली ते काम मुळात करावंच लागायला नको होतं. त्यात दोष ऐंशी टक्के माझा आहे, आणि म्हणूनच राग जास्त आहे.

आधी पार्श्वभूमी. जव्हार तालुक्यात वावर नावाचं गाव आहे. (नाशिककडच्या वाचकांनो, वावर म्हणजे इथे शेत नव्हे, गावाचंच नाव.) आज चाळिशी ओलांडलेल्यांना 'वावर-वांगणी' अशी जोडी आठवत असेल. १९९२-९३ साली त्या भागात कुपोषणाने मुलं दगावली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि तेव्हापासून वावर हे गावाचं नाव न राहता एका बातमीचं नाव होऊन बसलं. त्या बातमीत खोटं काही नव्हतं. पण मधे तीस वर्षं गेली, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, त्या वेळची पोरं आता स्वतः आईबाप झाली. तरी गावाचं नाव भेटतं ते बहुतेक वेळा कुठल्या तरी अहवालात. जे काही लिहिलंय ते बाहेरून आलेल्यांनी. त्याखाली गावातल्या कुणाचं एक वाक्य नाही की "बाबांनो, हे बरोबर आहे, पण ते चुकलंय."

माझा एक जुना मित्र त्या पट्ट्यात शिक्षक आहे. इथे त्याला नुसतं मास्तर म्हणतो. २०१९ च्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. जव्हारच्या बाजारात बायका शेवळं, कोरळ, टाकळा, करटोली घेऊन बसलेल्या. मी शहरी माणसासारखा प्रत्येक टोपलीचे फोटो काढत होतो. मास्तर म्हणाला, "एवढा कॉम्प्युटरवाला आहेस तर या भाज्यांचं काहीतरी टाक की नेटवर. गावाच्या नावाखाली कुपोषण सोडून दुसरं काहीतरी दिसू दे."

पटलं. त्यातून बेचाळीस पानांचं एक छोटं संकेतस्थळ झालं. प्रत्येक पानावर एक रानभाजी: फोटो, तिथे तिला काय म्हणतात, कधी उगवते, कशी शिजवतात. वर्डप्रेस वगैरे लचांड नको म्हणून ह्यूगो वापरून साधी स्थिर पानं बनवली. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: मजकूर आपल्या संगणकावर लिहायचा, त्याची तयार एचटीएमएल पानं बनवायची आणि ती तशीच्या तशी सर्व्हरवर नेऊन ठेवायची. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही, दर पंधरा दिवसांनी येणारं "ताबडतोब अपडेट करा" नाही. नेटवर्कची एकच कांडी असली तरी पान उघडतं. मोखाड्याच्या घाटात बसून हे पाहिलं आणि मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

मग मास्तरने विचारलं, "आणि वाचणाऱ्याला काही सांगायचं असलं तर?"

इथे माती खाल्ली. स्थिर पानाला कान नसतात. ते बोलतं, ऐकत नाही. त्यावर आमच्या जमातीचा ठरलेला उपाय असा की प्रतिसादांची सोय दुसऱ्या कुणाकडून तरी आणायची. फुकट खातं उघडा, त्यांनी दिलेल्या तीन ओळी पानाच्या तळाशी चिकटवा, झालं. पाच मिनिटांचं काम. मीही पाच मिनिटांत केलं. कुठल्या सेवेकडून ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

तीन पावसाळ्यांत साठ-सत्तर प्रतिसाद आले. तुमच्या लोकप्रिय संकेतस्थळांच्या मानाने काहीच नाही. पण ते कसले होते ते ऐका. शेवळाच्या पानावर मी भाजीची कृती लिहिली होती, चिरा आणि कांद्यावर परता, अशी सरधोपट. त्याखाली बोईसरला कामाला असलेल्या एका मुलीने लिहिलं, "आजी म्हणते काकडे घातल्याशिवाय शेवळं शिजवू नका, घसा धरेल." काकडे म्हणजे काकड नावाच्या झाडाची छोटी हिरवी आंबट फळं. शेवळाची खाज त्यांच्या आंबटपणाने मरते. बाजारात शेवळांच्या शेजारीच त्यांचा वाटा मांडलेला असतो. तो माझ्या फोटोतही होता! मला तो काय आहे हे कळलं नव्हतं, इतकंच. म्हणजे मूळ पानावर चूक, आणि तळाशी एका आजीने सांगितलेली दुरुस्ती. तो प्रतिसाद त्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. तेच एक वाक्य माझ्या सर्व्हरवर नव्हतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी जाहिराती आल्या. एके दिवशी मास्तरने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात प्रतिसादांच्या वर एक चौकट: पोट कमी करण्याच्या गोळ्या. वावरच्या पानावर. मास्तरने खाली काहीच लिहिलं नव्हतं, नुसता स्क्रीनशॉट. मला आजतागायत त्यावर काय उत्तर द्यायचं ते सुचलेलं नाही.

नंतर फुकट योजना बंद झाली. अमुक तारखेच्या आत पैसे भरा नाहीतर विदा पुसू, असं पत्र त्यांनी पाठवलं. ज्या ईमेलवर पाठवलं तो मी नोकरी बदलल्यापासून उघडत नव्हतो. सगळं उतरवून घ्यायचं बटण होतं. ते मी कधी दाबलंच नव्हतं. म्हणून म्हटलं, दोष ऐंशी टक्के माझा.

पण उरलेल्या वीस टक्क्यांवर बोलूच. आम्ही स्थिर पानंवाले मोठ्या तोऱ्यात सांगतो, "आमच्याकडे डेटाबेस नाही, आमचं सगळं आमच्या हातात." साफ खोटं आहे हे. डेटाबेस असतो, फक्त तो दुसऱ्याच्या घरी असतो. आपण घर स्वतःच्या पैशाने बांधतो आणि ओटी सावकाराला लिहून देतो. माणसं येऊन बसतात ती ओटीवर. कोण आलं, काय बोललं, किती वेळ बसलं याची नोंद सावकाराच्या वहीत. आणि एक दिवस तो ओटी मोडून घेऊन जातो तेव्हा आपण म्हणायचं, फुकट होती ना, मग तक्रार कसली.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत झालं असतं तर गप्प बसलो असतो. जुन्या लोकांना हॅलोस्कॅन आठवत असेल. ब्लॉगर मंडळींची लाडकी सेवा. २००८ मध्ये ती जेएस-किटने घेतली, २०१० च्या सुरुवातीला हॅलोस्कॅन बंद करून सगळ्यांना एको नावाच्या नव्या, पैसे मोजायच्या सेवेकडे पिटाळलं, आणि २०१२ मध्ये एकोच्याही प्रतिसादांचा गाशा गुंडाळला. डिस्कसने ऑक्टोबर २०१७ मध्ये कबूल केलं की २०१२ साली तिच्याकडच्या १.७५ कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली होती. म्हणजे पाच वर्षं कुणाला पत्ताच नाही. त्याच डिसेंबरात झेटा ग्लोबल या मार्केटिंग कंपनीने डिस्कस विकत घेतली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने वाचकांचा न विचारता माग काढल्याबद्दल तिला अडीच कोटी क्रोनर दंडाची पूर्वसूचना दिली. आता सर्वात ताजं: फेसबुकची प्रतिसादपेटी आपापल्या पानांवर लावलेल्या लोकांना मेटाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कळवलं की १० फेब्रुवारी २०२६ पासून ती सोय बंद. ज्या कंपनीकडे पैशाला तोटा नाही तिलाही दुसऱ्याच्या ओट्या सांभाळायचा कंटाळा येतो, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. मायबोली १९९६ पासून चालू आहे. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या डेटाबेसात. तिथलं वळण कुणाला आवडो न आवडो, जुनी चर्चा अजून वाचता येते. त्याच मराठी माणसांनी ऑर्कुटवर रात्र-रात्र जागून जे लिहिलं त्याचं काय झालं? ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेलं.

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. सगळ्यात पहिलं वाक्य: व्हॉट्सॲप ग्रुप काढ ना! अहो, ग्रुप आहेच. मास्तरच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत आणि रोज सकाळी साठ गुलाबाची फुलं येतात. काकड्याबद्दल तिथे कुणी लिहिलंच तर ते फुलांखाली गाडलं जाणार. आणि पुढच्या जूनमध्ये विरारच्या बाजारात शेवळं घेऊन "आता याचं करायचं काय" म्हणून शोधणाऱ्या बाईला तो ग्रुप दिसणार आहे का? प्रतिसाद हा ज्या पानाला दिला त्या पानाखालीच पाहिजे. तिथून हलवला की ती नुसती गप्पाटप्पांतली एक ओळ.

दुसरा सल्ला माझ्याच धंद्यातल्या पोरांचा: गिस्कस लाव, प्रतिसाद गिटहबवर साठतात, एकदम झकास. साठतात खरे. पण वावरच्या माणसाने भाजीबद्दल दोन ओळी लिहायला आधी गिटहबवर खातं काढायचं! हे सुचवणाऱ्याला राग नाही आला पाहिजे, पण यात वाचक म्हणजे आपणच असं गृहीत धरलेलं आहे. प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेल्या पानाला ठीक. बाकीच्यांना नाही.

तर शनिवारी काय केलं ते सांगतो, कारण "फार अवघड असेल" हा समज मोडायलाच हवा. इसो नावाची एक जुनी, साधी प्रणाली आहे. पायथनमध्ये लिहिलेली, फुकट, मुक्तस्रोत. प्रतिसाद एसक्यूलाइटच्या एका फायलीत ठेवते. रिमार्क४२ नावाची दुसरी आहे, तीही चांगली, गो भाषेतली, पण मला एवढी खाती-बिती नको होती. महिन्याला चारपाचशे रुपयांत मिळणारा सगळ्यात लहान भाड्याचा सर्व्हर इसोला पुरून उरतो. (हो, सर्व्हरही भाड्याचाच. पण तिथली फाइल माझी आहे. घरमालकाशी भांडण झालं तर ती खिशात घालून मी दुसऱ्या चाळीत राहायला जाऊ शकतो.) समोर एनजिनएक्स, त्यावर लेट्स एनक्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र, ह्यूगोच्या साच्यात दोन ओळी. ज्याने आयुष्यात एकदा तरी लिनक्सच्या सर्व्हरवर लॉगिन केलंय त्याला एक दुपार. पाच मिनिटं नव्हे, हे मान्य. पण ती पाच मिनिटं मला केवढ्याला पडली ते वर लिहिलंच आहे.

जी गंमत सुरू होते ती पुढे. प्रणाली आपल्या हातात आली की लक्षात येतं, आजवर किती गोष्टी आपण मुकाट सोसत होतो.

एक नमुना. 'दऱ्या' हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या आधीच्या सेवेची चाळणी अदृश्य चिन्हं संशयास्पद म्हणून उडवून टाकायची. मग 'दऱ्यांत उगवते' चं व्हायचं 'दर्यात उगवते'च्या जवळपास काहीतरी. जव्हारच्या डोंगरात दर्या! तक्रार केली होती. उत्तर आलं की तुमची सूचना पुढे कळवली आहे. आता माझ्याकडे चार ओळींचा कोड आहे, दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत बदलून टाकतो, शोधही नीट चालतो. चार ओळी, मंडळी. तीन वर्षं थांबलो होतो.

दुसरा नमुना आमच्या नव्या लाडक्या इसोचाच, उगाच पक्षपात नको. निदान तीन अक्षरांचा मजकूर हवा अशी तिची अट आहे, आणि अक्षरं मोजते ती युनिकोडच्या हिशेबाने. 'नाही' म्हणजे चार चिन्हं, चालतं. 'हो' म्हणजे ह आणि ओकाराची मात्रा, दोनच. म्हणजे "तुमच्याकडे पण काकडे घालतात का?" या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देता येतं, 'हो' असं देता येत नाही. :) पोट धरून हसलो आणि कोडमधला आकडा बदलला. भाड्याच्या पेटीत हे करून दाखवा.

स्पॅमचं काय, हा प्रश्न रास्त आहे. येतो. इंग्रजीतून जुगाराचे दुवे, रशियनमधून काय काय. माझ्याकडे प्रत्येक प्रतिसाद आधी थांबतो, मला ईमेल येतो, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली की प्रकाशित किंवा खलास. महिन्याला चार-पाच खरे प्रतिसाद येणाऱ्या संकेतस्थळाला याहून जास्त यंत्रणा लागत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. इसो एका आयपी पत्त्यावरून मिनिटाला दोनच प्रतिसाद घेते. शहरात बरोबर आहे. पण मोबाइल कंपन्या हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. मास्तरने शाळेत पोरांना बसवून एकदम लिहायला लावलं तर बाहेरून ते सगळे मिळून एकच माणूस दिसू शकतात. मी ती मर्यादा सैल केली. इथे बसून ठरवलेले आकडे तिथे लागू पडतीलच असं नाही, हे पुन्हा एकदा.

आणि आता गंभीर आक्षेप. एक वकील मित्र म्हणाला, "अरे वेड्या, दुसऱ्याच्या सेवेवर कुणी काही भलतंसलतं लिहिलं तर ती कंपनी बघून घेईल. तुझ्या सर्व्हरवर लिहिलं तर पोलीस तुझ्याकडे येतील." खरं आहे की नाही? अर्धं खरं. पण या जिल्ह्याच्या बाबतीत हा युक्तिवाद कुणी करू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर, पालघरमधल्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार वाक्यं लिहिली आणि दुसरीने ती 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. ते काही कुणाच्या घरच्या सर्व्हरवर लिहिलेलं नव्हतं, जगातल्या एका मोठ्या कंपनीच्या पानावर लिहिलेलं होतं. कंपनीने काय बघून घेतलं? पोरींनाच भोगावं लागलं. त्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. लिहिणाऱ्याचं रक्षण मोठी कंपनी करते हा भ्रम निदान पालघरात तरी टिकू नये.

माझी बाजू मी अशी मांडतो. प्रत्येक प्रतिसाद वाचून मी सोडतो, म्हणजे छापणारा मी. जबाबदारी माझी. ती मला मान्य आहे, वर्तमानपत्राचा संपादक वाचकांच्या पत्रांची घेतो तशी. कुणाच्या जातीवर, बाईवर, पोटावर घसरलेला मजकूर माझ्याकडे येणार नाही. आणि लिहिणाऱ्याला जपायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्याच्याबद्दल काहीच गोळा न करणं. आमच्या पेटीत ईमेल विचारत नाही. फोन नंबर नाही. इसो आयपी पत्त्याचा शेवटचा भागही पुसूनच ठेवते. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यावर पानंच्या पानं खर्ची पडतायत, पडू देत. जे घेतलंच नाही ते फुटत नाही.

ईमेल न विचारण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण तेच. भाड्याची प्रत्येक पेटी असं धरून चालते की एक खातं म्हणजे एक ईमेल म्हणजे एक माणूस. लिहिणारा तोच बोलणारा. आमच्या साठ-सत्तर प्रतिसादांतले निम्मे तरी तसे नव्हते. ज्याला माहिती आहे तो टंकत नाही. आजी सांगते, नात लिहिते. फोन मामाचा असतो. खातं भलत्याच कुणाच्या नावाने, कधी काळी सिमकार्डबरोबर दुकानदाराने काढून दिलेलं. त्यामुळे शेवळाच्या त्या प्रतिसादावर नाव झळकत होतं एका मोबाइल दुकानाचं! आजीचं नाही, नातीचंही नाही.

शनिवारी इसोच्या डेटाबेसात 'सांगणार' असा वेगळा रकाना घालायला बसलो होतो. तासाभराने सोडून दिलं. मूळ कोडात एवढी ढवळाढवळ केली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला रडावं लागतं, हे धंद्यात शिकलोय. त्याऐवजी नावाच्या चौकटीवरचं लेबल बदललं. तिथे पूर्वी 'नाव' होतं, आता आहे 'कोणी सांगितलं, कोणी लिहिलं'. बास. कोडची एक ओळही न वाढवता काम झालं. मास्तर तर वही घेऊनच बाजारात जातो आता. बायका बोलतात ते लिहून घेतो आणि रात्री टंकतो, सांगणारीने परवानगी दिली तर तिच्या नावाने, नाहीतर नुसतं 'वावरची एक आजी' असं.

बॅकअपबद्दल थोडं, नाहीतर मी माझ्याच अनुभवातून काही शिकलो नाही असं होईल. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती कॉपी करू नका, नेमक्या त्याच क्षणी कुणी लिहीत असेल तर अर्धवट प्रत मिळते. तिच्यातच बॅकअपची आज्ञा आहे, ती वापरा. या फायलीच्या स्वरूपाची मला काळजी वाटत नाही. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत ती सांभाळायचा शब्द दिलाय, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिचं नाव आहे. काळजी माझी स्वतःची आहे. मी उद्या पुन्हा नोकरी बदलेन, सर्व्हरचे पैसे भरायला विसरेन. माझ्यासारख्या माणसावरही वावरची पेटी अवलंबून राहता कामा नये. नाहीतर सावकार बदलला, एवढंच होईल.

म्हणून शेवटचं काम केलं, जे खरं तर २०१९ मध्येच करायला हवं होतं. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट त्या फायलीतले मंजूर प्रतिसाद उचलते आणि ते ज्या त्या पानाच्या मजकुरातच लिहून टाकते. मग ह्यूगो पानं नव्याने बनवतो. म्हणजे सकाळी पान उघडाल तर प्रतिसाद जावास्क्रिप्टने मागून येत नाहीत, ते पानातच असतात, भाजीच्या कृतीइतकेच पक्के. सर्व्हर बंद पडला तर नवे प्रतिसाद घेता येणार नाहीत, जुने जागच्या जागी. सगळी पानं मास्तरच्या शाळेतल्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर जातात. इंटरनेट अर्काइव्हने प्रत घेतली तर प्रतिसादांसकट घेईल. पूर्वीच्या पानांच्या प्रती तिथे आहेत, मी पाहिल्या. प्रतिसादांच्या जागी रिकामी पांढरी चौकट आहे.

त्या गेलेल्या साठ-सत्तरांपैकी अकरा परत मिळाले. मास्तरने अधूनमधून काढलेल्या स्क्रीनशॉटमधून, एकेक करून टंकले. शनिवारची दुपार गेली म्हणालो ती मुख्यतः यात. शेवळाचा त्यात नव्हता. तो मला आठवत होता, पण माझ्या आठवणीतलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर छापणं बरोबर वाटेना. मास्तरने त्या मुलीला बोईसरला फोन लावला. तिने आजीला विचारून रविवारी सकाळी पुन्हा लिहून पाठवलं, आणि या वेळी आजीने एक वाक्य वाढवलंय: काकडे ठेचून त्यांचं पाणी घाला, आणि शेवळाचा आतला पिवळा भाग आधी काढून टाका, तो तुमच्या फोटोत तसाच दिसतोय.

वर कृती दुरुस्त केली आहे. फोटो बदलायला जूनपर्यंत थांबावं लागेल.